मुलांसह मुंबईला म्युझिकल पाहायला जाताना: कोकणातून निघणाऱ्यांसाठी पुस्तकापासून परतीच्या गाडीपर्यंत

ब्रिटिश बालसाहित्यिक रोआल्ड डाल यांच्या ‘मटिल्डा’ या पुस्तकावर बेतलेले म्युझिकल २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये आले होते. माझी नऊ वर्षांची लेक आणि साडेपाच वर्षांचा भाचा यांना घेऊन मी ते पाहायला कुडाळहून गेले. तेव्हापासून ओळखीतले बरेच पालक मला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘तिकीट केवढ्याला पडले?’ हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो पहिला नाही. मुलाचे वय त्या नाटकाला योग्य आहे का, गोष्ट त्याला आधी ठाऊक आहे का आणि रात्री प्रयोग सुटल्यावर गावी परतायला गाडी कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तिकिटाच्या दराला काही अर्थ नसतो. आम्ही यांपैकी दोन ठिकाणी चुकलो. पुढचे पालक चुकू नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

म्युझिकल म्हणजे आपले संगीत नाटक नव्हे, एवढे आधी स्पष्ट करते. संगीत नाटकात संवाद थांबतो, पद येते, गायक ते आळवतो आणि रसिकांनी ‘वन्स मोअर’ दिला तर पुन्हा म्हणतो. म्युझिकलमध्ये गाण्यातच कथा पुढे सरकते, नाच आणि नेपथ्याची हालचाल सुरांवर मोजून बांधलेली असते आणि कोणतेही गाणे पुन्हा होत नाही. त्यामुळे एखादे गाणे कळले नाही, तर त्यातला कथेचा तुकडाही हातून निसटतो. या लेखातील बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

१. आधी मुलाचे वय आणि नाटकाचा स्वभाव जुळवून पाहावा

जाहिरातीत ‘सहकुटुंब पाहावे’ असे लिहिलेले असते, म्हणून ते प्रत्येक वयाच्या मुलासाठी असते असे समजू नये. प्रवेशासाठी किमान वय किती आणि कोणत्या वयापासून पाहण्याची शिफारस आहे, ही दोन वये वेगवेगळी असतात. ‘मटिल्डा’च्या लंडनमधील प्रयोगांना चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो, तर शिफारस सहा वर्षांपुढील मुलांसाठी असते. मी पहिला आकडा पाहिला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. त्या नाटकातील मुख्याध्यापिका ट्रंचबुल ही एका मुलीला वेण्या धरून गरगरा फिरवते आणि भिरकावून देते. पुस्तकात हा प्रसंग वाचताना मुले खिदळतात, परंतु रंगमंचावर तो मोठ्या आवाजासह, अंधारात आणि डोळ्यांसमोर घडतो. भाच्याने त्यानंतरची दहा मिनिटे माझ्या ओढणीत तोंड खुपसून काढली. त्याची काही चूक नव्हती. मी सहा महिने थांबायला हवे होते.

नाटक किती वेळ चालते, तेही पाहून ठेवावे. ‘मटिल्डा’ मध्यंतरासह सुमारे २ तास ३५ मिनिटांचे आहे. मोठ्या म्युझिकलला साधारण एवढाच वेळ लागतो. घरी दूरदर्शन संचासमोर मूल तीन तास बसते, हा पुरावा येथे उपयोगाचा नाही, कारण घरी ते मधून उठते, खाते, लोळते. मोठा आवाज, धूर, लेझरचे किरण किंवा झगमगणारे दिवे यांची सूचना बहुधा तिकिटाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत असते. ज्या मुलांना फिट येण्याचा त्रास आहे किंवा आवाजाची भीती वाटते, त्यांच्या पालकांनी ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२. पुस्तक घरी वाचून काढावे, आणि ते आपल्या भाषेत सांगावे

माझ्या मते या संपूर्ण खटाटोपातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. तिला पैसे लागत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच ती वगळली जाते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही ब्रिटिश धाटणीचे, भरभर गायलेले आणि दहा-बारा मुलांनी एकाच वेळी उच्चारलेले शब्द पहिल्या ऐकण्यात समजत नाहीत. मोठ्यांनाही समजत नाहीत. म्हणून प्रयोगाच्या आधी किमान एक महिना पुस्तक हाताशी घ्यावे आणि रोज रात्री एक-दोन प्रकरणे वाचून त्यांचा आशय मराठीत, किंवा घरात जी बोली असेल तिच्यात सांगावा. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केले. मी दुपारी त्यांना प्रकरण समजावून देई आणि रात्री त्या मुलांना ते मालवणीत सांगत. मटिल्डाचे वडील जुन्या मोटारींच्या गिअरमध्ये लाकडाचा भुसा भरून त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतात, हा भाग सासूबाईंच्या तोंडून ऐकल्यावर मुलांना तो माणूस आपल्याच बाजारपेठेतला वाटू लागला.

पुस्तक आणि नाटक यांत फरक असतो, याची कल्पना मुलांना आधीच द्यावी. नाही तर पुस्तक पाठ असलेले मूल नाटक चालू असताना ‘हे असे नव्हते’ म्हणून कानाशी कुजबुजत राहते. मूळ पुस्तक १९८८ चे आहे. इंग्लंडमधील रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेने त्यावरील म्युझिकल २०१० मध्ये प्रथम रंगभूमीवर आणले. त्याची संहिता डेनिस केली यांची, तर गाणी आणि संगीत टिम मिंचिन यांचे आहे. पुस्तकातील मटिल्डाची आई बिंगो खेळायला जाते, नाटकात ती नृत्यस्पर्धांच्या मागे लागलेली आहे. नाटकातील मटिल्डा ग्रंथपाल बाईंना डोंबारी कसरती करणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगते. ही गोष्ट पुस्तकात मुळीच नाही, आणि नाटकाचा शेवट तर तिच्यावरच उभा आहे. मुलांना शेवट सांगू नये, परंतु ‘ही गोष्ट कान देऊन ऐका’ एवढे अवश्य सांगून ठेवावे.

गाणीही आधी ऐकवावीत, मात्र सगळी नकोत. तीन-चार गाणी आठवडाभर घरात वाजली तरी पुरते. शाळेच्या पहिल्या दिवसाच्या गाण्यात इंग्रजी मुळाक्षरे ए पासून झेडपर्यंत क्रमाने दडवलेली आहेत आणि नेपथ्यातही ती अक्षरे ठोकळ्यांच्या रूपाने एकेक करून प्रकट होतात. माझ्या लेकीने ते गाणे घरी चार वेळा ऐकून अक्षरे शोधून काढली होती. नाट्यगृहात ती बोटांवर मोजत होती, आणि शेवटचे अक्षर आल्यावर तिने माझा हात इतक्या जोरात दाबला की पुढची ओळ मला ऐकूच आली नाही.

३. जवळच्या नाट्यगृहात एक सराव करून घ्यावा

पहिल्यांदाच नाट्यगृहात पाऊल टाकणाऱ्या मुलाला थेट दोन हजार आसनांच्या सभागृहात नेऊ नये. मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह किंवा रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह येथे एखादे बालनाट्य लागले, तर ते आधी दाखवावे. कणकवलीला वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवता येते. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केल्यापासून मराठीत मुलांसाठी गाण्या-नाचांची, चेटकिणी-राक्षसांची नाटके होत आली आहेत, त्यामुळे मुलांना गाणारे नाटक नवे वाटणार नाही. या सरावात नाटकापेक्षा मुलाकडे अधिक पाहावे. अंधार झाल्यावर ते घाबरते का, मध्यंतरापर्यंत लघवी धरून बसू शकते का, खुर्चीवर उभे राहते का, या तीन गोष्टी कळल्या की मुंबईचे तिकीट निर्धास्तपणे काढता येते.

दशावतार पाहिलेल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जत्रेत रात्रभर गोधडीवर बसून नाटक पाहिलेल्या मुलाला जागरणाची किंवा अक्राळविक्राळ राक्षसाची धास्ती नसते. आणखी एक फायदा माझ्या लक्षात नंतर आला. ‘मटिल्डा’मधील ट्रंचबुलबाईंची भूमिका परंपरेने पुरुष नट करतो. माझ्या शेजारच्या रांगेतील एका गृहस्थांना ते आपल्या मुलाला समजावून सांगावे लागले. आमच्या मुलांना काहीच सांगावे लागले नाही, कारण दशावतारात लुगडे नेसलेला पुरुष नट त्यांनी ग्रामदेवतेच्या डाळपस्वारीइतकाच सहज पाहिलेला आहे. गैरसोय एवढीच की दशावतारात प्रेक्षक येतो-जातो, चहा पितो, ओळखीच्याला हाक मारतो. ती सवय येथे चालत नाही, हे घरूनच बजावून न्यावे.

४. तारीख ठरवताना चाकरमान्यांची दिशा पाहावी

परदेशी नाटक मुंबईत वर्षभर चालत नाही. त्याचा मुक्काम बहुधा काही आठवड्यांचा असतो आणि तिकीटविक्री कित्येकदा दोन-तीन महिने आधी सुरू होते. मुंबईकराने कोणताही शनिवार निवडला तरी चालतो. आपण मात्र आधी कोकण रेल्वेच्या गर्दीचा विचार केला पाहिजे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईकडून कोकणात येणाऱ्या गाड्या भरून वाहतात आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या मानाने जागा मिळते. म्हणजे तुमचे जाणे सोपे असते, येणे कठीण. मेअखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चाकरमानी परतू लागतात आणि चित्र नेमके उलटते: जायला जागा नाही, यायला गाडी मोकळी. गणपतीत आणि शिमग्यातही हाच न्याय लागू होतो. म्हणून ज्या दिशेला गर्दी असेल, त्या दिशेचे आरक्षण पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला करायचे आणि दुसऱ्या दिशेचे नंतर निवांत करायचे. आम्ही मेच्या मध्यावर गेलो आणि मोठ्या हुशारीने जाण्याचे आरक्षण आधी केले. परतीचे करायला बसलो, तेव्हा प्रतीक्षायादी शंभराच्या वर गेली होती. शेवटी येताना एसटीने यावे लागले, आणि महामार्गाच्या रखडलेल्या कामांमुळे त्या रात्री मुलांची झोप झाली नाही.

प्रयोगाची वेळ निवडताना, मुले दहा वर्षांखालील असतील तर दुपारचाच प्रयोग घ्यावा. रात्रीच्या प्रयोगाला मध्यंतरानंतर लहान मुले पेंगतात, आणि झोपलेल्या मुलाच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

५. नाटकाचे तिकीट काढताना

नाट्यगृहाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, किंवा तेथे ज्या तिकीटविक्री सेवेचा दुवा दिलेला असेल तिच्यावरूनच तिकीट घ्यावे. समाजमाध्यमांवर ‘जाता येत नाही म्हणून तिकीट विकणे आहे’ असे सांगणारे लोक क्यूआर कोडचे एकच छायाचित्र चार जणांना विकू शकतात. दारावर ज्याचा कोड आधी वाचला जातो, तो आत जातो आणि बाकीचे तीन बाहेर राहतात.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र तिकीट लागते का, हे नियमांत पाहावे. मोठ्या नाट्यगृहांत मांडीवर बसवून नेण्याची मुभा बहुधा नसते. दर पाहताना आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यावरील तिकिटावर १८ टक्के लागतो आणि ऑनलाइन विक्रीचे शुल्क त्याशिवाय असते. त्यामुळे चार जणांची बेरीज आसनाच्या नकाशावर दिसते त्यापेक्षा शेवटच्या पानावर बरीच फुगलेली असते.

आसने निवडताना ‘जितके पुढे तितके चांगले’ हा आपला नाट्यगृहातील अनुभव बाजूला ठेवावा. अगदी पुढच्या रांगेतून लहान मुलाला रंगमंचाची कड नाकासमोर येते आणि मागे नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत. समूहनृत्याची रचना किंचित उंचीवरून अधिक उलगडते. म्हणून खालच्या मजल्यावरील मधल्या रांगा किंवा बाल्कनीची दुसरी-तिसरी रांग चांगली. बाल्कनीची पहिली रांग मोहक दिसते, परंतु कठडा नेमका मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. रांगेतील कडेचे आसन मुलाला द्यावे. पुढे उंच माणूस बसला तर त्याला वाटेकडे झुकून पाहता येते आणि लघवीला नेताना आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. काही नाट्यगृहांत मुलांना उंच बसण्यासाठी उशी मिळते. ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आसने निवडल्यावर पैसे भरण्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. आपल्याकडे नेटवर्क कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे, सर्वांची नावे, वये आणि मोबाइल क्रमांक कागदावर लिहून मगच बसावे. यूपीआयने पैसे कापले गेले आणि तिकीट आले नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी ईमेल, संदेश आणि संकेतस्थळावरील आपले खाते या तिन्ही ठिकाणी पाहावे. अयशस्वी व्यवहाराचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पाच दिवसांत आपोआप परत यावयास हवेत. ते न आल्यास बँकेकडे तक्रार करावी.

६. रेल्वेचे आरक्षण आणि मध्यरात्रीचा सापळा

आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवसांची झाली आहे. म्हणजे नाटकाचे तिकीट हातात पडते, तेव्हा रेल्वेचे आरक्षण अनेकदा सुरूही झालेले नसते. ती तारीख मोजून दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आधी तयार बसावे.

आता सापळा. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे कागदावर दुसरा दिवस उजाडलेला असतो. प्रयोग १८ मेच्या संध्याकाळी असेल, तर त्या रात्रीच्या तुतारीचे आरक्षण १९ मेचे काढावे लागते आणि ते २० मार्चला खुले होते. १८ मेचे तिकीट काढलेले कुटुंब फलाटावर उभे राहते, तेव्हा त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. हा घोळ माझ्या ओळखीत दोन घरांत झालेला आहे. कोकणकन्या मुंबईहून मध्यरात्रीपूर्वी सुटते, त्यामुळे तिच्या बाबतीत तारखेचा गोंधळ नाही. मात्र संध्याकाळचा प्रयोग दहाच्या सुमारास सुटत असेल, तर ती पकडताना जीव टांगणीला लागतो. दुपारच्या प्रयोगानंतर दोन्ही गाड्या निवांत मिळतात.

पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलासाठी स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे आणि घेतल्यास पूर्ण भाडे पडते. नऊ वर्षांच्या मुलीला रात्रभर आपल्या बर्थवर कोंबण्याची काटकसर करू नये, कारण सकाळी दोघींच्याही माना अवघडतात. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते. त्यात गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून मेमध्ये पाठ केलेल्या वेळेवर जुलैत विसंबू नये. एसटीने जाणार असाल तर महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, परंतु प्रयोगाच्या आणि बस पोहोचण्याच्या वेळेत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे.

७. सोबत काय असावे

कागदपत्रे आणि वस्तू मिळून यादी मोठी नाही, परंतु यातील प्रत्येक गोष्ट कोणाची ना कोणाची राहिलेली आहे:

• नाटकाची तिकिटे मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली, आणि त्याच तिकिटांची एक कागदी प्रत.
• रेल्वेचे तिकीट आणि आरक्षणातील एका मोठ्या व्यक्तीचे मूळ ओळखपत्र.
• मुलांचे आधारपत्र किंवा जन्मदाखल्याची प्रत, कारण वयाचा प्रश्न रेल्वेतही निघतो आणि नाट्यगृहाच्या दारातही निघू शकतो.
• प्रत्येक मुलासाठी स्वेटर किंवा जाड ओढणी. मेच्या उकाड्यात स्वेटर बांधताना घरचे हसतात, पण वातानुकूलित सभागृहात अडीच तास बसल्यावर मुले कुडकुडतात.
• प्रवासात उलटी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध, आणि मोठा आवाज न सोसणाऱ्या मुलासाठी कापसाचे बोळे.
• एक लहान खांद्यावरची पिशवी. मोठे सामान सभागृहात नेता येत नाही.

मुंबईत नातेवाईक असतील तर सामान त्यांच्याकडे टाकावे. नसतील तर मोठ्या स्थानकांवरील क्लोकरूममध्ये ठेवता येते, मात्र तेथे रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत. कुलूप घरूनच न्यावे.

८. गाडीतून उतरल्यापासून दारापर्यंत

मोठी परदेशी म्युझिकल सध्या मुख्यतः वांद्रे-कुर्ला संकुलातील या केंद्रात येतात. ३१ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या या वास्तूतील ग्रँड थिएटरमध्ये सुमारे २,००० आसने आहेत. आम्ही गेलो तेव्हा दादरहून टॅक्सी करावी लागली. आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा दादरहून थेट बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) स्थानकात उतरता येते. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत मेट्रोची शेवटची गाडी निघून गेलेली असू शकते, म्हणून परतीला टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवावेत.

नाटकाआधी निदान तासभर पोहोचावे. पोटभर जेवून जावे, कारण बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि आतील खाण्याचे दर पाहून मध्यंतरातील बटाटावड्याची आठवण येते. प्रवेशद्वारापाशी किंवा दालनात त्या दिवशीच्या कलावंतांची यादी लावलेली असेल तर मुलांना ती वाचायला लावावी. ‘मटिल्डा’ची मुख्य भूमिका एकच मुलगी रोज करत नाही, तीन-चार मुली आळीपाळीने करतात. लंडनमध्ये ही भूमिका करणाऱ्या चौघींना २०१२ साली म्युझिकलमधील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला होता. आपल्याच वयाची मुलगी हे सारे पेलते, हे कळल्यावर लेक खुर्चीत ताठ बसली.

आत शिरण्यापूर्वी सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे. ‘मला लागली नाही’ हे उत्तर मान्य करू नये.

९. अंधार झाल्यावर

तिसऱ्या घंटेनंतर हळूच शिरण्याची आपली सवय येथे महागात पडते. उशिरा येणाऱ्यांना योग्य जागी विराम येईपर्यंत बाहेर थांबवतात आणि कधी कधी ही प्रतीक्षा बरीच लांबते. मोबाइल केवळ मूक करून चालत नाही, तो बंदच करावा, कारण अंधारात उजळलेला पडदा मागच्या दहा रांगांना दिसतो. चित्रीकरण करू नये. शेवटी कलावंत अभिवादनाला येतात तेव्हा परवानगीची घोषणा झाली, तरच करावे.

प्रयोग सुरू झाल्यावर पाच मिनिटांत भाच्याने माझ्या कानात विचारले, ‘‘मामी, पेटीवालो खंय बसलो?’’ प्रश्न रास्त होता. दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज घेतलेले वादक सर्वांसमोर बसतात. म्युझिकलमध्ये वादक बहुधा रंगमंचाच्या पुढील खोलगट जागेत किंवा पडद्याआड असतात आणि संगीत-संचालकाचे हात नटांना दिसावेत म्हणून बाल्कनीच्या कठड्यावर लहान पडदे बसवलेले असतात. ही माहिती मुलांना आधी दिली, तर मध्यंतरात मागे वळून ते पडदे शोधण्याचा त्यांना छंद लागतो आणि प्रश्न प्रयोगाच्या मधोमध येत नाही.

मूल घाबरले तर त्याला ‘खोटे आहे’ म्हणून दटावू नये. ‘आता काय होणार ते तुला माहीत आहे ना?’ एवढे कुजबुजावे. गोष्ट घरी ऐकलेली असल्याचा फायदा येथे दिसतो. तरीही रडू थांबत नसेल तर मान खाली घालून लगेच बाहेर न्यावे. दारापाशी उभे असलेले कर्मचारी योग्य वेळी परत आत सोडतात.

मध्यंतर साधारण वीस मिनिटांचे असते आणि त्यातील पंधरा मिनिटे स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. मध्यंतरानंतर वेळेवर परतण्याविषयी मी विशेष आग्रह धरेन. ‘मटिल्डा’चा दुसरा अंक तिचे वडील पडद्यापुढे येऊन सुरू करतात. ते प्रेक्षकांतील पुस्तके वाचणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करतात, आणि त्यानंतर लगेच मुले झोपाळ्यांवर बसून गातात ते सर्वांचे लाडके गाणे येते. खाण्याच्या रांगेत राहिलेल्या कित्येक कुटुंबांनी ते झोपाळे दाराच्या फटीतून पाहिले.

१०. परतताना

प्रयोग सुटल्यावर सगळे एकदम बाहेर पडतात आणि टॅक्सीचे दर त्याच क्षणी चढतात. गाडीला वेळ असेल तर दालनात पंधरा मिनिटे थांबावे, मुलांना पाणी पाजावे आणि मग निघावे. नाटकाच्या नावाचे सदरे, पेले वगैरे विकायला असतात. मुलांना एकच वस्तू मिळेल असे घरूनच ठरवून न्यावे, आणि छापील माहितीपुस्तिका असेल तर तीच घ्यावी, कारण तिच्यात छायाचित्रे असतात आणि शाळेत दाखवायला ती उपयोगी पडते.

स्थानकावर आरक्षणाचा डबा कोणत्या बाजूला येतो ते फलक पाहून आधीच तेथे जाऊन उभे राहावे, कारण मध्यरात्री झोपाळलेली मुले आणि सामान घेऊन दहा डबे चालणे अशक्य असते. मुले लगेच झोपली नाहीत तर रागावू नये, सामान्यतः पनवेल येईपर्यंत गाणी चालतात. सकाळी कणकवली गेली की चपला, स्वेटर आणि मोबाइलचा चार्जर गोळा करायला घ्यावे, कारण कुडाळला गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते.